सस्पेन्शनचा जाम बोल्ट: आधी कुठे अडकलाय ते ओळखा, मग पाना उचला

मुंबईत आठ-दहा पावसाळे काढलेल्या गाडीचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बदलायचा म्हटलं, तर नवा आर्म बसवणं हे तासाभराचं काम. दिवस जातो तो जुना बोल्ट काढण्यात, आणि बोल्ट तुटला तर दुसरा दिवसही जातो. तुम्हाला पाना, सॉकेट, जॅक वापरता येतात, चाक काढून ब्रेक पॅड बदलले असतील, पण जाम बोल्टशी अजून गाठ पडलेली नाही, असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आपल्याकडे हा त्रास जास्त होतो त्याची कारणं उघड आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. वरळी, माहीम, वर्सोव्याकडे गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ते बारा महिने लोखंडावर बसतं. पावसात हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट अशा ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की तेच गढूळ पाणी आर्मच्या टोकाच्या रबरी बुशमध्ये आणि बोल्टच्या फटीत शिरतं, आणि हवा इतकी दमट की ते लवकर वाळत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. फट मात्र होती तेवढीच राहते. त्यामुळे गंज आतल्या आत दाबत जातो आणि बोल्ट पाचर मारल्यासारखा बसतो.

अडकलाय कुठे?

बोल्ट हलत नाही म्हटल्यावर नवशिका लगेच पान्याला पाईप जोडतो. इथेच थांबा. १० मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट कंपनीत साधारण ५० न्यूटन-मीटरला घट्ट केलेला असतो. (पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, या मापात मोजतात.) ६० सेंटिमीटरच्या पाईपवर ४० किलोचा जोर टाकला तर त्याच्यावर सव्वादोनशेहून अधिक न्यूटन-मीटर पडतात. एवढ्यात तो सुटणार नसेल तर तुटणारच. म्हणून जोर वाढवण्याआधी तो नेमका कुठे धरलाय ते शोधायचं. सस्पेन्शनमध्ये मुख्यतः तीन जागा असतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा म्हणजे आटे. नट आणि बोल्ट दोन्ही दगडासारखे, पाना लावला तर जराही दाद नाही. इथे तेल, ठोके आणि उष्णता काम करतात.

दुसरी जागा बुशच्या आतली लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह. आर्मच्या रबरी बुशच्या मधोमध ही नळी असते आणि बोल्ट तिच्यातून आरपार जातो. नट सहज निघून हातात येतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. डोकं फिरवलं तर थोडं फिरतं आणि पाना सोडला की परत मागे येतं. तुम्ही बोल्ट फिरवत नसता, बोल्टला चिकटलेल्या नळीसकट रबर पिळत असता. ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण इथे आट्यांवर तेल मारत बसण्यात काही अर्थ नाही. आटे मोकळेच आहेत.

तिसरी जागा नकल. चाकाचा हब ज्यात बसतो तो ओतीव तुकडा म्हणजे नकल. अनेक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटचा (आर्म आणि नकल यांना जोडणाऱ्या फिरत्या सांध्याचा) दांडा नकलमध्ये घालून एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा आडवा बोल्ट फार वाईट जाम होतो, कारण त्याच्या फटीत चिखल थेट भरतो. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर पांढरी भुकटी दिसते. लोखंड आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ती भुकटी बोल्टला गच्च धरते.

याशिवाय एक लबाड प्रकार आहे. काही गाड्यांत आर्मचा बोल्ट ज्या नटमध्ये जातो तो नट फ्रेमच्या पोकळीत आतून वेल्ड केलेला असतो. जोर लावल्यावर बोल्ट फिरू लागला, पण बाहेर येत नाही आणि आतून कडकड आवाज येतो, तर तो नट वेल्डमधून सुटलाय. ताबडतोब थांबा. फ्रेमला छोटी खिडकी कापून नट धरावा लागतो आणि नंतर ती बंद करावी लागते. हे काम चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्यायचं.

आधीची तयारी

नवा बोल्ट, नवा नट आधी आणून ठेवा. जुना निघाल्यावर बघू, असं करू नका. गाडी जॅकवर आणि बाजार बंद, ही मुंबईतल्या रविवारची ठरलेली अडचण आहे. कंपनीच्या पार्ट नंबरचा बोल्ट मिळाला तर उत्तम. नाही तर मशीद स्टेशनहून चालत नागदेवी स्ट्रीट गाठा. नट-बोल्ट, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), ड्रिल बिट, सगळं तिथल्या गल्ल्यांत मिळतं. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तोच ग्रेड मागा. १०.९ मधला १० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटनची ताकद आणि .९ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट टाकायचा मोह मुंबईत सगळ्यांनाच होतो. टाकू नका. बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ७०० न्यूटनचा असतो, आणि सस्पेन्शनचा बोल्ट तुटणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक भलतीकडे वळणं. आटेही मोजून घ्या: १० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये १.२५ चे (दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर) बारीक आटे गाड्यांत खूप असतात, साध्या हार्डवेअरच्या दुकानात मात्र १.५ आणि १.७५ चे जाड आटे मिळतात. दिसायला सारखेच. बळजबरीने घातले तर भोकाचे आटे गेलेच म्हणून समजा.

हत्यारांत सहा कोनी सॉकेट घ्या. बारा कोनी सॉकेट फक्त टोकांवर पकडतं आणि गंजलेलं डोकं गोल करून टाकतं. लांब दांडा, वायर ब्रश, हातोडा, सेंटर पंच, ग्रिप प्लायर, भेदक तेलाचा स्प्रे, कोबाल्टचे ड्रिल बिट आणि ठरावीक टॉर्कलाच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, एवढं हवंच. गॉगल तर सगळ्यात आधी, कारण गाडीखाली झोपल्यावर गंजाचे तुकडे थेट डोळ्यांतच पडतात.

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक स्टँडखाली जाड फळी द्या, नाहीतर पाय ब्लॉकच्या सांध्यात रुततो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं तर दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि त्याला जोडणाऱ्या छोट्या दांड्याच्या, म्हणजे लिंक रॉडच्या, बोल्टवर ताण येतो. आर्मखाली दुसरा छोटा जॅक हलकेच टेकवून ठेवा आणि थोडा वरखाली करून पाहा. बोल्टवरचा बाजूचा भार उतरला की कधीकधी तो हातानेच सरकतो.

सीएनजी गाडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. टाकी बहुधा डिकीत असते आणि गॅसची नळी गाडीच्या पोटाखालून इंजिनपर्यंत जाते. अशा गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवर ज्योत, ग्राइंडर किंवा वेल्डिंग यांतलं काहीही घरी करू नका. पुढच्या बाजूलाही पेट्रोल आणि गॅसच्या नळ्या कुठून गेल्यात ते बॅटरी मारून आधी पाहून घ्या.

शांतपणे सोडवण्याचा दिवस

शक्यतो शनिवारी सकाळी सुरू करा आणि शुक्रवारी रात्रीच तेल मारून ठेवा. वायर ब्रशने आट्यांवरची माती आणि सुटा गंज घासून काढा, मगच तेल. मातीवर मारलेलं तेल मातीच पिते. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. जाम बोल्टसाठी भेदक तेल म्हणून वेगळा स्प्रे मिळतो, तो घ्या. ब्रेक डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, तिच्यावर तेल उडता कामा नये. दर काही तासांनी पुन्हा मारा, आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे चार-पाच सरळ ठोके द्या. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यांतून आत उतरतं.

सकाळी सॉकेट पूर्ण आत बसवून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने जोर द्या. हलकाच. पकड मोडण्यापुरता. मग सोडवायच्या दिशेने. पाव फेरा आला की त्याच्या निम्मा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडवा. सुटायला लागला म्हणून एका दमात काढायला गेलं की आट्यांतला गंज पुढच्या आट्यात जमा होतो आणि मधेच पुन्हा जाम होतो. हाताला लक्ष द्यायला शिकवा: बोल्ट सुटताना टक् असा कोरडा आवाज येतो आणि जोर एकदम हलका होतो. तुटण्याआधी मात्र पाना मऊ, रबरासारखा फिरतो. तो मऊपणा जाणवला की त्याच क्षणी हात काढा, बोल्ट पिळायला लागलाय. इम्पॅक्ट रेंच (ठोके देत फिरवणारं यंत्र) असेल तर कमी जोरावर ठेवून थोडा वेळ खडखडू द्या. एकाच मोठ्या झटक्यापेक्षा ही थरथर उपयोगाची असते.

एवढ्याने नाही सुटला तर उष्णता. तापवायचा नट, किंवा आटे असलेला बाहेरचा भाग; बोल्ट नव्हे. १२ मिलिमीटरच्या आट्यांचा नट २०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक साधारण ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तो पुरतो. अॅल्युमिनियम तर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तिथे कमी आचेवरच काम होतं आणि जास्त आच दिली तर नकल कमजोर होतो. ज्योत बंद केल्यावर गरम सांध्याला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. हा जुना मिस्त्रींचा उपाय आहे आणि मला तो फार भरवशाचा वाटतो. थोडं निवल्यावर पाना लावा.

ज्योत लावण्याआधी बुश, बॉल जॉइंटचं रबरी बूट, ब्रेकची नळी आणि चाकाजवळच्या एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर ओल्या गोणपाटाने झाका किंवा बाजूला करा. शॉकअपच्या नळकांड्याला ज्योत लागू देऊ नका, आत दाबाखाली गॅस आणि तेल असतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर आच अजिबात नको. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की विषारी वायू सुटतो. शेजारी पाण्याची बादली आणि पावडरचं अग्निशामक हवं. आग नको वाटत असेल तर विजेवर चालणारं इंडक्शनचं वेटोळं मिळतं, ते नटभोवती घालून फक्त नट तापवता येतो. लाल होईपर्यंत तापलेला बोल्ट किंवा नट पुन्हा वापरायचा नाही. त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं.

स्लीव्हमध्ये अडकलेल्या बोल्टला यातलं बरंच लागू पडत नाही. रबराच्या मधोमध ज्योत कशी लावणार? नट आट्यांच्या टोकाशी चढवून त्यावर हातोडा मारून पाहा, म्हणजे आटे चेपत नाहीत. नाही हलला तर वाद घालू नका, कापा. आर्म बदलायचाच आहे ना? मग बुश आणि फ्रेमच्या मधल्या फटीतून, दोन्ही बाजूंनी, लोखंड कापायचं लांब पातं लावलेल्या करवतीने बोल्ट तोडा. आर्म बोल्टच्या तुकड्यासकट खाली येतो. ग्राइंडरनेही होतं, पण त्याच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेत आणि रंगात कायमच्या रुततात, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये करवतच बरी. लिंक रॉडचंही तसंच: नटाबरोबर आतला गोळा फिरत राहतो, टोकाला अॅलन की लावून धरून पाहा, नाही जमलं तर कापून मोकळे व्हा.

तुटलाच तर

बोल्ट तुटला म्हणजे सगळं संपलं असं नाही. किती भाग बाहेर आहे ते बघा. सेंटिमीटरभर जरी बाहेर असेल तर ग्रिप प्लायर लावून पाहा, कारण डोकं गेल्यावर बोल्टवरचा ताणही गेलेला असतो.

आत तुटला असेल तर बाजारातला एक्स्ट्रॅक्टर आठवतो. उलट्या आट्यांचा तो कडक खिळा, तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात घालायचा आणि सोडवायचा. त्याच्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पूर्ण जाडीचा बोल्ट ज्या जोराने पिळून तुटला, त्याहून कितीतरी बारीक असलेला एक्स्ट्रॅक्टर त्याच जोराने वाचणार कसा? बोल्ट गंजलेला नसून वापरात थकून तुटला असेल, तर एक्स्ट्रॅक्टर सहज काम करतो. गंजामुळे पिळून तुटला असेल तर आधी तापवून पकड सोडवा, मगच तो घाला. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही. मग तो भाग काढून औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या स्पार्क इरोजनवाल्याच्या (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवणाऱ्याच्या) गाळ्यात न्यावा लागतो.

माझी पसंती नट वेल्ड करण्याला आहे. तुटक्या टोकावर योग्य मापाचा नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. पकडायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डच्या उष्णतेने पकडही मोडते. एका वेल्डला नट उखडून येईल, पुन्हा करा, तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. करंट चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

दुसरा मार्ग ड्रिलचा, आणि त्यात सगळं अवलंबून असतं ते मध्यावर. तुटलेलं टोक कानशीने सपाट करा, दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढा, सेंटर पंचने खोल खूण करा. ३ मिलिमीटरच्या कोबाल्ट बिटने सुरुवात, वेग कमी, दाब भरपूर, तेल सतत. वेगाने फिरवलं तर लोखंड तापून आणखी कडक होतं आणि बिट घसरतं. मग ५ मिलिमीटर, मग पुढे. उलट्या फिरकीचं ड्रिल बिट मिळालं तर तेच घ्या; भोक पाडतानाच बोल्ट बाहेर येतो, असं बऱ्याचदा होतं. १० मिलिमीटर, १.२५ आट्यांच्या बोल्टसाठी ८.८ पर्यंत आणि १२ मिलिमीटर, १.२५ साठी १०.८ पर्यंतच जायचं. भोक मध्यावर असेल तर उरलेले जुने आटे तारेसारखे सुईने उचकटून निघतात, मग टॅप फिरवून साफ करा. भोक मध्यावरून सरकलं तर तिथेच थांबा, पुढचं बिट लावू नका.

चाकाच्या खाचेत, हात डोक्याच्या वर धरून सरळ भोक पाडणं नवख्याला अवघड जातं. बोल्ट नकलमध्ये तुटला असेल तर नकल काढून टर्नरकडे न्या. त्याच्या उभ्या ड्रिल मशीनवर ते अर्ध्या तासाचं काम आहे, आणि आटे गेलेच असतील तर तो तारेचे नवे आटे बसवूनही देतो. नकल भंगारातून घ्यायचा विचार असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळू शकतो, पण तडा नाही ना हे उजेडात धरून तपासा.

नवा बोल्ट बसवताना

भोक ब्रशने स्वच्छ करा. नवा बोल्ट बोटांनीच पूर्ण आत गेला पाहिजे, सुरुवातीलाच पाना लागत असेल तर आटे अजून साफ झालेले नाहीत. स्लीव्हमधून जाणाऱ्या सरळ भागावर कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी कापायची वेळ येणार नाही. आट्यांवर मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच लावा. आटे गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

रबरी बुशमधला बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचा नाही. बोल्ट नुसते बसवा, चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि मुंबईच्या खड्ड्यांत तो बुश वर्षभरात फाटतो. नायलॉनचे लॉक नट आणि कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) नव्याच घाला.

गणपतीला कोकणात जायच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका, निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर शहरातच फिरून झाल्यावर प्रत्येक बोल्टला पुन्हा टॉर्क रेंच लावा.